मोबाइल घरचा असेल, वर्ग तुमचाच आहे

प्रति,
राज्यातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांस

विषय : मुलांनी मुलांना दिलेला त्रास, आणि ‘हे शाळेबाहेर घडलं’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर

स.न.वि.वि.

मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. कुठे आठवड्यातून एक दिवस जाते, कुठे बोलावलं तर. बसायला बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातलं एखादं टेबल नाहीतर प्रयोगशाळेचा कोपरा मिळतो. माझ्याकडे पाठवलेल्या मुलांच्या चिठ्ठीवर साधारण दोनच कारणं असतात. एक, अभ्यासात लक्ष नाही. दुसरं, सारखं पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही. पूर्वी हे पोट सोमवारी सकाळी दुखायला लागायचं आणि शनिवारी शाळा सुटली की थांबायचं. आता रविवारीही थांबत नाही, कारण वर्ग मोबाइलमधून घरी येतो.

एक उदाहरण सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

आठवीतला मुलगा. सहलीहून परतताना बसमध्ये झोपला होता, तोंड उघडं, हनुवटीवर लाळ. कुणीतरी फोटो काढला, मागचं कापलं आणि त्याचं व्हॉट्सॲप स्टिकर केलं. वर्गाचा एक ग्रुप होता, ज्यात शिक्षक नव्हते. असा ग्रुप प्रत्येक वर्गाचा असतो, तुमच्याही शाळेत आहे. तिथे कुणी गणिताचा गृहपाठ विचारला की उत्तराला ते स्टिकर. ‘गुड नाइट’ला तेच, सामना हरलो तरी तेच. मग त्यावर अक्षरं आली, त्याचं आडनाव मोडूनतोडून केलेली. त्याने ग्रुप सोडला, कुणीतरी पुन्हा आत घेतलं. पुन्हा सोडला, तेव्हा इन्स्टाग्रामवर त्याच्या नावाने खातं निघालं. डीपीला तेच स्टिकर. त्या खात्यावरून वर्गातल्या दोन-तीन मुलींना घाणेरडे मेसेज गेले. मुलींच्या पालकांनी शाळेत येऊन तक्रार केली, आणि ती या मुलाविरुद्धच.

आईला बोलावणं गेलं. पर्यवेक्षकांनी तिला सांगितलं, ताई, ग्रुप शाळेचा नाही. मोबाइल तुम्हीच दिलात. आणि मुलगा जरा हळवा आहे, आपण त्याची तुकडी बदलू. बदलली. ‘ब’मधून तो ‘ड’मध्ये गेला. पहिल्या दिवशी वर्गात पाय ठेवला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी घोरण्याचा आवाज काढला. स्टिकर त्याच्या आधीच तिथे पोहोचलं होतं.

त्या पर्यवेक्षकांना मी दुष्ट म्हणत नाही. हातात सत्तर मुलांचे वर्ग, निवडणुकीची कामं, ऑनलाइन भरायच्या माहितीचा ढीग, त्यात हे. त्यांनी जे केलं ते बहुतेक शाळा करतात : ज्याला त्रास झाला त्यालाच हलवायचं, कारण एकाला हलवणं सोपं, चाळीस जणांना विचारणं अवघड. पण ‘ग्रुप शाळेचा नाही’ हे जे पहिलं वाक्य आहे, जे मी वेगवेगळ्या शाळांमध्ये जवळजवळ त्याच शब्दांत ऐकलं आहे, त्याबद्दल मला तुमच्याशी नीट बोलायचं आहे.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. बहुतेकांच्या लेखी तो मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांसाठी आहे. २०१९ मध्ये मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर तो बातम्यांत आला, तोही तसाच. पण कायदा उघडून बघा. शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत महाविद्यालय आहेच, शिवाय नाव काहीही असो, शिक्षण देण्याचं काम करणारी कोणतीही संस्था आहे. वसतिगृह, अनाथाश्रम, शिकवणीचा वर्गसुद्धा आहे. रॅगिंगमध्ये चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, टिंगल करणं, विद्यार्थ्याला भीती, लाज किंवा अवघडलेपण वाटेल असं वागणं हे सगळं धरलेलं आहे. आणि मनाई कुठे आहे, तर संस्थेच्या ‘आत किंवा बाहेर’. हे शब्द पंचवीसहून अधिक वर्षं कायद्यात बसून आहेत, व्हॉट्सॲप जन्मायच्या आधीपासून. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य आढळलं तर पुढची कारवाई आणि पोलिसांना कळवणं. नाही आढळलं तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. प्रमुखाने काहीच केलं नाही, तर त्याने त्या गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं आणि शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड.

घाबरवायला हे लिहीत नाही. उलट या कायद्यातला निलंबनाचा आणि पाच वर्षं प्रवेशबंदीचा भाग तेरा वर्षांच्या पोरांना जसाच्या तसा लावू नये असंच माझं मत आहे. तो मोठ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला दिसतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कुणाला शाळेतून काढता येत नाही, आणि अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाच्या वाटेने जातं. ती वाट तुरुंगाकडे नाही, सुधारणेकडे जाते, आणि ते बरोबरच आहे. मला त्या कायद्यातल्या दोनच गोष्टी हव्या आहेत : सात दिवस, आणि लेखी उत्तर. पालक तुमच्याकडे फाशी मागायला येत नाहीत हो. त्यांना ‘बघतो’ या शब्दाच्या पुढे काही हवं असतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचारानंतर लोक रुळांवर उतरले. त्यानंतर शासनाने शाळांना जे करायला लावलं ते तुम्हाला पाठ आहे : सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती), कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. मोठ्या माणसाने लहान मुलाला इजा करू नये यासाठी हे हवंच होतं. पण मुलानेच मुलाला दिलेला त्रास त्या जाळ्यातून अलगद निसटतो. कॅमेरा जिन्यावर आहे आणि छळ रात्री साडेनऊला पांघरुणात चालू आहे. समितीची कागदावर बैठक होते, इतिवृत्तात ‘कोणतीही तक्रार प्राप्त नाही’ असं येतं. ते खरंही असतं. तक्रारपेट्या मी बऱ्याच बघितल्या आहेत. पेटी असते मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, नेमकी कॅमेऱ्याखाली, समोर शिपायाचं स्टूल. कोण चिठ्ठी टाकतंय हे सगळ्या व्हरांड्याला दिसतं. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात किंवा ग्रंथालयाच्या रॅकमागे लावलेली पेटी मी एकाच शाळेत पाहिली, आणि त्या पेटीत चिठ्ठ्या निघत होत्या.

चौकशी करायला बसलात की एक गोष्ट लगेच लक्षात येईल. प्रत्येक मूल म्हणतं, ‘सर, मी एकदाच टाकलं.’ आणि ते खोटं बोलत नसतं. स्वीडिश-नॉर्वेजियन मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी शाळकरी छळाचा अभ्यास करताना भांडण आणि छळ वेगळे ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या : हेतुपुरस्सर केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला त्रास होतो तो उलट देऊ शकत नाही इतकं बळ असमान असलेलं. मोबाइलने यातली मधली खूण फिरवून टाकली. चाळीस जणांनी एकेकदा पाठवलं की एकालाच चाळीस वेळा मिळतं, आणि अपराधी कुणीच वाटून घेत नाही. म्हणून ‘मुख्य मुलगा कोण’ हे शोधून त्याला प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर उभं करण्याने काही होत नाही. तो हिरो होतो, नाहीतर नवं स्टिकर होतो. आणि ज्याच्यासाठी हे केलं, त्याचं नाव सगळ्या शाळेला कळतं.

दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं हाही आपला आवडता उपाय. भांडणात चालतो. छळात तो त्रास झालेल्या मुलाला पुन्हा एकदा त्याच माणसापुढे बसवतो, या वेळी मोठ्यांच्या साक्षीने. कृपा करून हे थांबवा.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने २००६ पासून ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला, तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर. त्यातली जी पद्धत मला आपल्याकडे जमण्यासारखी वाटते ती अशी. शाळेतली साधारण तीन शिक्षकांची टीम आधी त्रास झालेल्या मुलाशी एकट्याने बोलते. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने. आणि वर्गशिक्षक वर्गातली दोन-चार मुलं निवडतात, ज्यांचं वर्गात वजन आहे पण जी यात नव्हती, आणि त्यांना सांगतात की याच्यासोबत राहा, तुम्हाला जमेल तसं. सगळा भर बघणाऱ्यांवर. आपल्या वर्गात ही मुलं नसतात असं कोण म्हणेल? कबड्डी संघाचा कर्णधार असतो, सगळ्यांना वही देणारी एक मुलगी असते. त्यांनी स्टिकरला ‘बस झालं आता’ एवढं लिहिलं तरी ग्रुपची हवा बदलते. हे काम वर्गशिक्षकच करू शकतात. मी आठवड्यातून एकदा येणारी बाई, मला तो कर्णधार ओळखूही येत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. आठवीच्या त्या मुलाचं आडनाव मोडून जो शब्द झाला, तो पहिल्यांदा कुणी उच्चारला हे मी विचारलं होतं. हजेरी घेताना एका शिक्षकांनी, गमतीत. सगळा वर्ग हसला, तेही हसले, विसरले. वर्गातलं पहिलं टोपणनाव पुष्कळदा फळ्याजवळूनच येतं. ‘ढ’, ‘म्हैस’, ‘ए काळे’, ‘अमेरिकन भुईमूग’, आणि इंग्रजी माध्यमात गावाकडून आलेल्या मुलाच्या उच्चाराची नक्कल. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई आहे. छडी गेली म्हणून आपण ते कलम पाळलं असं समजतो. आणि जातीचं तर विचारूच नका. ‘शिष्यवृत्तीचे फॉर्म कुणाकुणाचे राहिलेत, उभे राहा,’ असं भर वर्गात म्हटलं जातं. उभी राहिलेली सात-आठ मुलं बाकीच्यांनी मनात नोंदवून ठेवलेली असतात. त्या रात्री ग्रुपवर काय येतं ते बघायला शिक्षक तिथे नसतात. फॉर्म मधल्या सुट्टीत कार्यालयात मागवता येतात. त्याला ना शासन निर्णय लागतो ना निधी.

दुसरं, तुमच्या शाळेचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम पान. स्नेहसंमेलनातले नाचाचे फोटो, मुलींचे जवळून काढलेले चेहरे, खाली पूर्ण नाव आणि इयत्ता. गुणवंतांच्या फ्लेक्सवर फोटो, नाव, टक्के. प्रवेशाच्या दिवसांत हे सगळं लागतं, मला कळतं. पण चेहऱ्यावरून नग्न चित्र बनवणारी ॲप आता दहावीतल्या मुलाच्याही हाताशी आहेत, आणि त्यांना लागणारा स्वच्छ, पुरेशा उजेडातला चेहरा शाळेच्या पानावर आयता मिळतो. समूहाचे, लांबून घेतलेले फोटो टाका. नावं टाकू नका. जुने काढून टाका.

असं चित्र खरोखर फिरायला लागलं तर काय होतं, तेही सांगते. एका ठिकाणी वर्गशिक्षिकेच्या मोबाइलवर ते एका पालकाने पाठवलं. तिने पर्यवेक्षकांना पाठवलं, त्यांनी मुख्याध्यापकांना, त्यांनी संस्थेच्या सदस्यांच्या ग्रुपवर, ‘कृपया लक्ष घालावे’ असं लिहून. संध्याकाळपर्यंत ते चित्र जितक्या मुलांकडे होतं त्याहून जास्त मोठ्या माणसांकडे होतं. प्रत्येकाचा हेतू चांगला होता. कायद्याच्या नजरेत मात्र अठराच्या आतल्या मुलीचं असं चित्र पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे, पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, व्याख्येत २०१९ च्या दुरुस्तीनंतर जोडून-बदलून केलेलं चित्रही येतं, आणि ते न कळवता नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा पुरावा म्हणूनसुद्धा पाठवापाठवी नको. खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ कागदावर लिहून घ्या आणि पोलिसांकडे जा. पोक्सोमध्ये बसणारी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच वेगळा गुन्हा. बदलापूरच्या प्रकरणात संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर याचसाठी गुन्हा दाखल झाला. ‘शाळेचं नाव खराब होईल’ असा विचार करण्यात गेलेला एक दिवस त्या मुलीला फार महाग पडतो.

चित्र खाली आणायलाही मार्ग आहेत, ते शाळेच्या कार्यालयात कुणाला तरी माहीत हवेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ ही अठरा वर्षांखालच्यांसाठीची मोफत सेवा आहे : चित्र मोबाइलमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त अंकी ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते शोधून काढतात. कंपन्यांकडे थेट तक्रार केली तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा चित्रांसाठी कमाल २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते, आणि मन फारच खचलं असेल तर टेलिमानसचा १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. हे नंबर मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेले असतात. ते स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि शाळेच्या डायरीच्या पहिल्या पानावर हवेत.

मोबाइलवर सरसकट बंदी घाला असं काही पालक मागतात. शाळेच्या वेळात जरूर घाला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायलाच मनाई केली. त्याचं काय होतं ते दिसेल. पण गृहपाठ, सूचना, सुट्टीची बातमी, सगळं तुम्हीच व्हॉट्सॲपवर पाठवता, करोनापासून ती सवय पडली, आणि मग ‘मोबाइल तुम्ही दिलात’ असं पालकांना ऐकवता. तेराच्या आतल्या मुलाला व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमानेही स्वतंत्र खातं नको, मग पाचवी-सहावीचा गृहपाठ तिथे कशाला? वहीत लिहून द्या. पालकांच्या ग्रुपबद्दलही एक शब्द : तिथे आरोप असलेल्या मुलाचं नाव आणि फोटो टाकून ‘याला काढा’ म्हणणारे पालक असतात. ॲडमिन तुमचे शिक्षक असतात. तो मेसेज पाच मिनिटांत उडाला पाहिजे. तेही मूल तुमचंच आहे.

समुपदेशकाचं काय, असं तुम्ही म्हणाल. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. अनुदानित शाळांना हे पद कुठून भरायचं हा प्रश्न खरा आहे आणि तो शासनाला विचारायला मीही तुमच्याबरोबर येईन. पण समुपदेशक आला म्हणून वर्गशिक्षकांचं काम संपत नाही, आणि तो येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

म्हणून मागणं लहान आहे. एका पानाचा कागद करा. त्यात एका शिक्षकाचं किंवा शिक्षिकेचं नाव असू द्या, ‘समिती’ नको, कारण तेरा वर्षांचं मूल समितीशी बोलायला जात नाही. रात्री नऊच्या ग्रुपवरचा त्रासही इथे सांगता येईल, हे वाक्य त्यात स्पष्ट असू द्या. तक्रार आली की सात दिवसांत लेखी उत्तर, आणि तक्रार करणाऱ्याची तुकडी त्याने स्वतः मागितल्याशिवाय बदलणार नाही, हेही. वर्गशिक्षकांना यासाठी आठवड्यातली एक तासिका मोकळी द्या. वेळापत्रक करणाऱ्या सरांच्या डोक्याला ताप होईल, होऊ द्या. पालक सभा निकालाच्या दिवशी घाईत उरकण्याऐवजी जूनमध्ये एक घ्या, आणि त्यात पालकांना तो कागद वाचून दाखवा. ज्या शाळांनी असं काही आधीच केलं आहे त्यांनी तो कागद शेजारच्या शाळेला दिला, तर पुष्कळांचं काम वाचेल. कुणाला मसुदा करायला हात हवा असेल, तर मी यायला तयार आहे. बसायला ग्रंथालयातलं टेबल चालेल.

कळावे,
आपली,
एक शालेय समुपदेशक